टेरियर घरी आणताना



इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे धर्मोपदेशक जॉन रसेल यांनी एकोणिसाव्या शतकात
कोल्ह्यांच्या शिकारीसाठी जी चपळ कुत्री जोपासली,
त्यांचे वंशज म्हणजे आजचे जॅक रसेल टेरियर.

बिळात शिरून कोल्ह्याला हुसकावणे हा ज्याचा पिढीजात पेशा,
त्याने अंगणातील कुंडी उकरली, तर तो अपराध मानू नये.

त्याला काम द्या.

सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवा;
पण रस्त्यावर साखळी सोडू नका,
कारण खार दिसली की त्याला हाकही ऐकू येत नाही.

जुन्या टॉवेलच्या घडीत खाऊ लपवा,
आणि नाक खुपसून, शेपूट ताठ करून
तो ती घडी कशी उलगडतो, ते मुलांसह अवश्य पाहा.

पुन्हा सांगतो, त्याला मारू नका;
काम द्या.