गोळ्या कोणत्या चालू आहेत?

नवा पेशंट समोर बसला की डॉक्टर हमखास विचारतात, "सध्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" उत्तरंही ठरलेली असतात. "बीपीची एक, छोटी पांढरी." "शुगरची, सकाळ-संध्याकाळ." "आणि ती रक्त पातळ करायची. नाव नाही हो आठवत, मुलगा आणून देतो." फाइल घरी राहिलेली असते. मग पुढची चिठ्ठी अंदाजानं लिहिली जाते, आणि चूक शिरायला वाट मिळते ती इथेच.

पन्नाशी-साठीच्या माणसाचे डॉक्टर हल्ली एकच नसतात. हृदयाचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. शिवाय लॅब, मेडिकलवाले, वॉर्डातल्या सिस्टर. प्रत्येकाला आपापल्या वाट्याचं तेवढं दिसतं. या सगळ्या ठिकाणी हजर असतो तो फक्त पेशंट आणि त्याच्यासोबत येणारं घरचं माणूस. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. २०२३ साली त्या दिवसाचा विषयच होता रुग्णांचा सहभाग. हा सहभाग म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज पाहू.

सुरुवात औषधाच्या नावापासून. आपल्याकडे एकच औषध अनेक कंपन्या आपापल्या नावानं विकतात. समजा, शहरातल्या डॉक्टरांनी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड दिलं. पेशंट गावी गेला, तिथल्या डॉक्टरांनीही तेच दिलं, दुसऱ्या कंपनीचं. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून पेशंट दोन्ही गोळ्या घेतो. मग साखर एकदम उतरते, दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. स्ट्रिपवर कंपनीनं दिलेल्या नावाबरोबर मूळ औषधाचं नावही छापलेलं असतं. लक्षात ठेवायचं ते हे मूळ नाव. तापाची, सर्दीची आणि अंगदुखीची अशा तीन गोळ्या एकदम घेणाऱ्यानं तर ते वाचायलाच हवं, कारण पुष्कळदा तिन्हींत पॅरासिटामॉल असतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर यकृताला इजा होते.

म्हणून एका कागदावर यादी करा. औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कधी, कशासाठी. खाली कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते ठळक लिहा. काढे, चूर्णं, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सगळं त्यात येऊ द्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना गुडघ्यासाठी घेतलेली साधी वेदनाशामक गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते. यादी जमत नसेल तर सगळी औषधं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. सुट्या गोळ्या घेताना मात्र सांभाळा. दुकानदार कात्रीनं चार गोळ्या कापून देतो आणि नाव, मुदत छापलेला भाग बहुधा दुकानातच राहतो. अशा वेळी अख्ख्या स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो घ्या.

आता दोन औषधं जरा जवळून पाहू. पहिलं मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पण रोज गोळी घ्यायची सवय असलेला माणूस हीसुद्धा रोज घेऊन बसतो. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, "फक्त बुधवारी" असं, मराठीत.

दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची घेतली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात २५ युनिट होतं. उलट झालं, तर जेमतेम ४ युनिट जातं. म्हणून सिरिंज घेताना बाटली सोबत न्या आणि दोन्हींवरचा आकडा जुळतो का ते दुकानातच पाहा. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजनं कधीही काढू नका.

हॉस्पिटलात भरती झालात तर मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचून घ्या. इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरना आपलं पूर्ण नाव सांगा आणि "हे कशाचं?" असं विचारा. ऑपरेशनच्या आधी नाव, ऑपरेशन कोणतं आणि कोणत्या बाजूला, हे वेगवेगळी माणसं पुन्हा पुन्हा विचारतील. कंटाळू नका. विचारणं हा त्यांच्या तपासणीचाच भाग आहे. कुणी विचारलं नाही, तर आपण सांगा, "डावा गुडघा." घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड हातात येतं, तेव्हा एक प्रश्न चुकवू नका. "आधीच्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या, कोणत्या बंद?" नाहीतर जुन्या आणि नव्या गोळ्या जोडीनं चालू राहतात.

पुष्कळांची अडचण वेगळीच असते. "एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कसं विचारायचं? त्यांना राग आला तर?" एक सोपा मार्ग सांगतो. चिठ्ठी हातात आली की म्हणा, "डॉक्टर, मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर सांगा." आणि वाचून दाखवा. "ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री झोपताना, ही दुखलं तरच." एक-शून्य-एक म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपण धरून चालतो, पण सगळ्यांना ते ठाऊक असतंच असं नाही. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं, आणि समजण्यात घोटाळा झाला असेल तर तो तिथेच निस्तरतो. ऐकू कमी येत असेल तर मुलगी, सून, शेजारी, कुणालाही सोबत न्या.

कागदपत्रं हा तुमचा हक्क आहे. केसपेपरची मागणी केल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यावेत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. औषधानं त्रास झाला तर आधी डॉक्टरांना कळवा. त्याची नोंद राष्ट्रीय पातळीवरही करता येते. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे.

एक खुलासा करायला हवा. उपचारात चूक झाली तर जबाबदारी उपचार करणाऱ्यांचीच राहते. "तुम्ही विचारलं नाहीत" असं म्हणून ती पेशंटवर ढकलता येत नाही. तसंच, शंका आली म्हणून औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. शंका विचारा, उत्तर मिळवा आणि मग ठरवा.

श्रोतेहो, हे भाषण संपलं की घरातला औषधांचा डबा काढा. वडीलधाऱ्या मंडळींना शेजारी बसवा आणि एकेक स्ट्रिप पाहत यादी लिहा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. यादीची एक प्रत पाकिटात ठेवा, एक घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा. औषध बदललं की त्याच दिवशी यादीही बदला.