दुष्काळ निवारण : दानाकडून हक्काकडे



जयंतीच्या आनंदसोहळ्यात उपासमारीचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुष्काळ ही एका पिढीमागची आठवण आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात आम्ही मांडीवरचे मूल होतो. आमच्या मातोश्री मराठवाड्यात दुष्काळी कामावर खडी फोडीत असत. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर आमचे घर जगले.

दुष्काळात माणूस केवळ अन्नावाचून मरत नाही. क्षीण देहाला अतिसार, गोवर, न्यूमोनिया गाठतात आणि त्यात लहान मुले प्रथम दगावतात. म्हणून आम्ही वैद्यक व्यावसायिक शुद्ध पाणी आणि लसीकरण यांना धान्याइतकेच महत्त्व देतो. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली याची दुसरी बाजू दाखविली : बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत हरपली की दुष्काळ माणसे मारतो.

१८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कष्टाची कामे करणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे ठरविले. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर देह टिकणार नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. तरीही मदत ही सरकारची मेहेरबानीच राहिली.

ही मेहेरबानी हक्कात कशी बदलली, हे महाराष्ट्राकडून शिकण्यासारखे आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. हाती मजुरी आल्यामुळे मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, हे त्याचे सूत्र. त्यासाठी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेण्यात आला. शहराने खेड्याचा भार उचलला. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा निर्देश आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून तो न्यायालयात मागता येत नव्हता. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे बळ दिले. २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला.

परंतु बंधू-भगिनींनो, कायदा पुरेसा नसतो. मातोश्री सांगत, हजेरीपटावर आमचे नाव सर्वांच्या ओळीत होते, मजुरीही सारखी होती. पण पाण्याच्या रांजणाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओतील तेव्हाच ओंजळीने प्यायचे. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, तरी ही स्थिती होती! भूक सर्वांना लागते, पण मदत समाजाच्या उतरंडीनेच खाली येते. २०११ च्या सोमालियातील दुष्काळात सुमारे अडीच लाखांहून अधिक माणसे गेली; त्यांत जवळजवळ निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. तेथेही सर्वाधिक झळ बसली ती हीन लेखल्या गेलेल्या बांटू व रहनवैन समाजांना.

आपण आता कॅनडाचे नागरिक आहोत. या देशाची अन्नमदत पूर्वी बहुतांशी येथेच खरेदी करून जहाजाने जाई. भुकेल्याला ती उशिरा पोहोचे. २००५ साली हे बंधन सैल झाले आणि २००८ साली पूर्ण उठले. धोरणे बदलतात, ती विचारणारे नागरिक असले म्हणजे.

म्हणून दान अवश्य द्यावे, पण देताना आणि आपल्या खासदारांना पत्र लिहिताना तीन प्रश्न विचारावेत. मदत माणसे मरण्यापूर्वी पोहोचते काय? भूमिहीन स्त्रीच्या स्वतःच्या हाती पैसा पडतो काय? आणि रांजणाला हात लावण्यास कोणाला मज्जाव आहे काय?

तिसरा प्रश्न इतर कोणी विचारो न विचारो, आपण विचारलाच पाहिजे. तो आपल्या मातांनी आपल्यावर सोपविला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!