न थांबणारा प्रवाह

बटण दाबले की दिवा विझतो, पंखा थांबतो. बटण बंद म्हणजे यंत्र बंद, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजली आहे की तिला अपवाद असेल असे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. रुग्णालयातील एमआरआय यंत्र हा तसा अपवाद होय. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक आप्त प्राणवायूचा सिलिंडर घेऊन या यंत्राच्या खोलीत शिरला. यंत्र बंद असल्याचे त्याला सांगण्यात आले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे वृत्तपत्रांत आले. यंत्रातील चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचून घेतले आणि त्यात त्याचा अंत झाला. हा चुंबक बटणासरशी बंद का होत नाही, हे समजण्यासाठी अतिसंवाहकतेची ओळख करून घ्यावी लागते.

साध्या तारेतून वीज वाहू लागली की तार तिला विरोध करते आणि तापते. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा द्रव हीलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला गेला, तेव्हा त्याचा हा विरोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. पुढे १९१४ साली शिशाच्या तारेच्या वेटोळ्यात सुरू केलेला प्रवाह, मागे बॅटरी नसतानाही तासन्‌तास वाहत राहिला. अशा तारेपासून एक लक्ष गौस शक्तीचा चुंबक करता येईल, अशी उमेद ओनेस यांनी बाळगली होती.

परंतु शिसे, कथील यांसारखे धातू काही शे गौसच्या क्षेत्रातच आपला हा गुण टाकून देतात. ज्या प्रवाहाने चुंबक घडवायचा, त्याच प्रवाहाच्या चुंबकत्वाने तो मोडायचा, असा हा पेच होता. १९३३ साली माइस्नर व ओक्सेनफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांना असे दिसून आले की, अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकी क्षेत्र बाहेर ढकलून देतो. मात्र हा प्रतिकार एका मर्यादेपर्यंतच टिकतो. ती ओलांडली की पदार्थ पुन्हा सामान्य धातू होतो.

यातून वाट दाखवली ती काही मिश्रधातूंनी व संयुगांनी. क्षेत्र वाढले की ते त्याला सरसकट अडवीत नाहीत. सूक्ष्म धाग्यांसारख्या वाटांनी आत येऊ देतात, आणि उरलेल्या भागातून वीज निर्वेध वाहत राहते. पुरापुढे ताठ उभे राहणारे झाड आणि वाकणारे लव्हाळे यांतला हा फरक म्हणावा. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निओबियम व कथील यांचे संयुग ८८ हजार गौसच्या क्षेत्रातही अतिसंवाहक राहते असे सिद्ध झाले, आणि पन्नास वर्षे अडलेली उमेद मार्गी लागली.

आज जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात असे १,२३२ चुंबक प्रोटॉनांना वळण देतात. जपानमध्ये २०१५ साली अशाच चुंबकांवर तरंगणाऱ्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला. पण आपला निकटचा संबंध येतो तो एमआरआयशी. त्याच्या चुंबकात निओबियम-टिटॅनियमचे बारीक तंतू तांब्यात बसवून केलेली तार असते. वेटोळे द्रव हीलियमने थंड करून त्यात प्रवाह भरतात, त्याची टोके जोडून मंडल पूर्ण करतात आणि बाहेरची वीज काढून घेतात. मग तो प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. नेहमीच्या यंत्रातील १५ हजार गौसचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट भरते. त्याच्या स्थैर्यामुळेच मेंदूची व मणक्याची इतकी स्पष्ट चित्रे, शरीराला छेद न देता, मिळतात.

म्हणून रात्री दिवे मालवले, तपासणी संपली, शहराची वीज गेली, तरी तो चुंबक जागाच असतो. संकटकाळी त्याला निष्प्रभ करता येते. पण त्यासाठी तारेला ऊब देऊन तिची अतिसंवाहकता घालवावी लागते, आणि मोलाचे हीलियम उकळून निघून जाते. सबब त्या दारावरील सूचना यंत्राचा आवाज येत असो वा नसो, सदैव पाळावयाची असते. खिशातील किल्ल्या बाहेर ठेवाव्या, लोखंडी वस्तू दूर ठेवाव्या, आणि ‘यंत्र बंद आहे’ असे कोणी सांगितले तरी यंत्रचालकाला विचारल्यावाचून उंबरठा ओलांडू नये.