गोचिडी, पिसवा, जंत आणि आपण
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



गणपतीच्या मांडवातले व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास, फार तर मधुमेह असे विषय असतात. सचिवांनी मला कुत्र्या-मांजरांच्या गोचिडी आणि जंतांवर बोलायला सांगितले. मूषकवाहन गजाननासमोर मांजराच्या प्रकृतीची काळजी करायची म्हणजे जरा संकोचच वाटतो! पण आपल्या सभासदांपैकी कितीतरी घरांत आज एखादा टॉमी नाहीतर एखादी मनी आहे. शिवाय पावसाळ्याचे हे दिवस गोचिडी आणि पिसवांच्या भरभराटीचे. तेव्हा वेळ योग्यच आहे.

आणि हा विषय आपल्या हैदराबादला परका नाही. बेगमपेटला एक जुनी इमारत जतन केलेली आहे. सिकंदराबादेत काम करत असताना २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी चार वर्षे, १८९३ साली, अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी गुरांचा एक ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केले होते. म्हणजे चावणारा किडा नुसते रक्त पीत नाही, तो रोगही देऊन जातो, हे ज्ञान सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या दिवाणखान्यापर्यंत मात्र ते अजून पुरते पोचलेले नाही.

माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगतो. एका कुटुंबाचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर होता. मे महिन्यात त्याने खाणे कमी केले. घरच्यांना वाटले, उन्हाळा बाधला. मग नाकातून रक्त आले. तेही उष्णतेवर गेले. ताक पाजले, कूलरसमोर बसवले. तीन आठवड्यांनी माझ्याकडे आणला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, पोटावर रक्ताचे बारीक लाल ठिपके होते आणि कानाच्या घडीत आठ-दहा गोचिडी होत्या. निदान झाले एर्लिकिया, म्हणजे साध्या भाषेत गोचीड ताप. रक्त चढवले, औषधे सुरू केली, पण पाचव्या दिवशी तो गेला. त्या घरातला दहावीतला मुलगा मला म्हणाला, "काका, गोचिडी तर आम्ही रोज बघत होतो." या एका वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे. गोचीड सगळ्यांना दिसते, पण तिचा अर्थ लागत नाही.

गोचिडीचे घर कुठे असते?

आपल्याला वाटते, कुत्र्याच्या अंगावर. खरे तर ती अंगावर फक्त जेवायला येते. अंड्यातून निघालेले पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ गोचीड, अशी तीन वेळा ती कुत्र्याचे रक्त पिते आणि प्रत्येक जेवणानंतर खाली उतरते. शेवटी पोट फुगलेली मादी भिंतीवर चढते आणि प्लास्टरच्या फटीत, पडद्याच्या वरच्या शिवणीत, दाराच्या चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते. उपाशी राहूनही ती महिनोन् महिने तग धरते. म्हणून नुसते कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. भिंतींच्या फटी बुजवणे, कुत्र्याची झोपायची जागा आठवड्याला झाडून-धुऊन घेणे आणि अंथरूण कडक उन्हात टाकणे हा निम्मा उपचार आहे.

अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल लावू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सावकाश सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. नंतर हात साबणाने धुवा. तंबाखूचे पाणी, फिनाईल, गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने मिसळून लावणे, या घरगुती युक्त्यांनी विषबाधा झालेली कुत्री मी पाहिली आहेत. कुत्रा अंग चाटतो, हे आपण विसरतो.

आता चांगली औषधे मिळतात. मानेवर सोडायचे थेंब आहेत, गळ्यातले पट्टे आहेत आणि महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्याही आहेत. वय, वजन आणि आधीचे आजार पाहून डॉक्टर ठरवतील. फिट येणाऱ्या कुत्र्याची माहिती आधी अवश्य द्या. काही गोळ्या त्याला चालत नाहीत. आणि हैदराबादेत हिवाळा असतो तरी किती? म्हणून हा बंदोबस्त बाराही महिने ठेवावा.

पिसवांचे गणित वेगळे. अंगावर दिसणारी पिसू ही एकूण संख्येचा लहानसा भाग असते. बाकीची सारी प्रजा अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने सतरंजीत, सोफ्याच्या खाचेत लपलेली असते. खाजवताना कुत्र्याने पिसू गिळली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काही वळवळताना दिसले तर तोच तो. अशा वेळी जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

पोटातले जंत आणि आपली मुले

"डॉक्टर, पिल्लू तर घराबाहेर पडलेलेच नाही, मग जंत कुठून?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. उत्तर असे की, गोलकृमी आईच्या गर्भातच पिल्लाला मिळतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात. पोट नगाऱ्यासारखे आणि फासळ्या मात्र दिसतात, असे पिल्लू बाळसेदार नसते, जंतांनी भरलेले असते. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरवड्याला आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. मांजराच्या पिल्लाची सुरुवात तिसऱ्या आठवड्यापासून करावी. रेबीजचे इंजेक्शन झाले म्हणजे जंतांचेही काम झाले, असा गैरसमज फार आहे. दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

हे माणसांसाठीही महत्त्वाचे आहे. गोलकृमीची अंडी मुलांच्या हातामार्गे पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही जातात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि नागमोडी, खाजरी रेघ उमटते. पण इथे एक दिलाशाची गोष्ट आहे. गोलकृमीची अंडी विष्ठेतून पडल्याबरोबर धोकादायक नसतात. मातीत मुरायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. मुरल्यावर मात्र ती वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे सकाळच्या फेरीत पिशवी नेऊन कुत्र्याची घाण तिथल्या तिथे उचलली, तर सोसायटीच्या बागेत खेळणारी सगळी मुले सुरक्षित राहतात. दोन मिनिटांचे काम आहे, त्यात कमीपणा कसला?

मनीला घराबाहेर काढू नका

मांजरांविषयी दोन गोष्टी अगदी आग्रहाने सांगतो. पहिली, कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नका. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे थेंब मांजराला झटके आणतात आणि त्यात जीवही जातो. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सुनेला दिवस गेले की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "आता ते मांजर कुठेतरी सोडून या." त्यांची काळजी खरी आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला इजा करू शकतो. पण तो मांजराला कुरवाळल्याने सहसा येत नाही. मांजर त्याची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकते आणि ती रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस जातात. तेव्हा तिची मातीची पेटी रोज साफ करावी आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे. मनीला कच्चे मांस देऊ नये, तिला उंदीर मारायला बाहेर सोडू नये. भाज्या नीट धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावे, बागकाम करताना हातमोजे घालावेत. माणसांना हा रोग कच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही होतो, हे लक्षात घ्या. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा तीन घरांनी हे नियम पाळले. तिन्ही बाळे ठणठणीत आहेत, आणि तिन्ही मांजरे आपापल्या खिडकीत बसलेली आहेत. सोडून दिलेले मांजर मात्र बाहेर फार दिवस जगत नाही.

श्रोत्यांपैकी एका भगिनीने विचारले, "शाळेत मुलांना जंताची गोळी मिळते, तीच अर्धी करून कुत्र्याला दिली तर?" १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना मिळणारी ती गोळी मुलांनी जरूर घ्यावी. पण तिचे प्रमाण माणसासाठी ठरलेले आहे. त्याच औषधाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी कमी झाल्याची उदाहरणे आहेत. त्यांची गोळी वेगळी आणि तीही वजन करूनच द्यायची.

एका आजोबांनी विचारले, "आमच्या लहानपणी वाड्यात कुत्री होती, तेव्हा कोण देत होते औषधे?" आजोबा, तेव्हा कुत्रा अंगणात असायचा, आज तो नातवाच्या उशीशी झोपतो. त्याला घरात घेतले ते उत्तम केले. पण घरातला म्हटला की घरातल्यासारखी काळजीही आलीच.

आज आरती-प्रसाद आटोपून घरी गेलात की एवढेच करा: कुत्र्याच्या कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली हात फिरवा. हिरड्या गुलाबी आहेत ना, ते पाहा. शेवटची जंताची गोळी कधी दिली ते कॅलेंडरवर लिहा. आठवत नसेल तर देण्याची वेळ झाली असे समजा. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही, म्हणून ते आपण शोधायचे असते.

बालकलाकार पडद्याआडून डोकावू लागले आहेत, तेव्हा मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!