गोंदण, टॅटू आणि नोकरी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीनंतर पुढे काय, या विषयावर माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपणांस मोलाचे मार्गदर्शन केले. शिष्यवृत्त्या, अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षा यांची माहिती आपण ऐकलीत. मी आज जो विषय घेऊन उभा आहे तो त्यामानाने लहान वाटेल. कदाचित काही पालकांना तो या व्यासपीठाला न शोभणाराही वाटेल. परंतु वर्गात शिकवीत असताना मुले आम्हांला जे प्रश्न विचारतात त्यांत हा एक प्रश्न आता वारंवार येतो. "सर, हातावर टॅटू काढला तर पोलिसात, मिलिटरीत घेतात का?" या प्रश्नाला केवळ रागावून उत्तर देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. म्हणून जी माहिती मला आहे ती आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. टॅटू हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शेजारच्या घरांतील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवट गोंदण आपण सर्वांनी पाहिले आहे. सोन्याचे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मेल्यावरही सोबत येते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या समाजात त्या गोंदणाला मान होता. परंतु याच देशात गोंदणाचा दुसरा उपयोगही झालेला आहे. इंग्रजी अमलात १७९७ पासून बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत असत. ही चाल १८४९ मध्ये बंद झाली. म्हणजे कातडीवरची तीच शाई एके ठिकाणी दागिना ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी कलंक. गोंदवून घेणारा कोणत्या हेतूने गोंदवतो हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. तो आपल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ लावतो. नोकरीच्या बाबतीत नेमके हेच घडते, म्हणून हा इतिहास सांगितला.

आता धर्माच्या बाजूविषयी दोन शब्द. मी आलिम नाही. परंतु गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या स्त्रियांविषयी निषेधाची हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि तिच्या आधारे बहुतेक उलेमांनी कायमचे गोंदण नाजायज ठरविले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. अधिक खुलासा मौलवीसाहेबांकडून करून घ्यावा. मेहंदीची गोष्ट निराळी. मेहंदीचा रंग कातडीच्या अगदी वरच्या थराला लागतो आणि तो थर झिजला की दोन-तीन आठवड्यांत निघून जातो. गोंदणाची सुई मात्र शाई आतल्या थरात सोडते. तेथे शरीरातील पेशी ते रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. त्यामुळे वरची कातडी कितीही वेळा बदलली तरी चित्र जात नाही. येथे माझ्या भगिनींना एक सूचना करावीशी वाटते. झटपट काळाकुट्ट रंग देणारी जी 'काळी मेहंदी' बाजारात मिळते, तिच्यात पुष्कळदा केस काळे करण्याचे रसायन घातलेले असते. त्याने कातडीला फोड येऊन कायमचे डाग राहिल्याची उदाहरणे आहेत. शुद्ध मेहंदीचा रंग तांबूस येतो, हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. नोकरीत गोंदण चालते की नाही?

भारतीय सैन्याच्या भरतीचा नियम असा आहे की कायमचे गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या पाठीवर असेल तरच चालते. मान, छाती, दंड, पाठ अशा इतर कोणत्याही भागावर असेल तर उमेदवार बाद होतो. ज्या आदिवासी जमातींत गोंदणाची परंपरा आहे त्यांच्या उमेदवारांचा मात्र स्वतंत्रपणे विचार केला जातो. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल अशा केंद्रीय दलांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम याहून काटेकोर आहेत. तेथे हाताच्या आतल्या बाजूचे गोंदण चालते, पण ते डाव्या हातावर असले पाहिजे. कारण उजवा हात सलामीचा. शिवाय गोंदणाचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असला पाहिजे. धार्मिक चिन्हाला किंवा नावाला त्यांची हरकत नाही. हरकत आहे ती जागेला आणि आकाराला.

मित्रांनो, जो मुलगा सोळाव्या वर्षी उजव्या मनगटावर हौसेने नाव काढून घेतो त्याला यातले काहीही माहीत नसते. गोंदणाऱ्यालाही ते माहीत नसते, आणि असले तरी तो सांगत नाही.

या नियमांमुळे तरुणांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. २०१७ मध्ये औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. त्याच्या उजव्या हातावर धार्मिक चिन्ह होते आणि ते त्याने उपचार घेऊन बरेचसे पुसूनही टाकले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु हवाई दलाने गोंदणामुळे नियुक्ती रद्द केलेल्या दुसऱ्या एका तरुणाला दिल्ली उच्च न्यायालयात यश आले नाही. ती बातमी २०१८ च्या आरंभी वृत्तपत्रांत आली होती. अर्जासोबत गोंदणाचे छायाचित्र द्यावे असे जाहिरातीत म्हटले होते आणि ते त्याने दिले नव्हते, हा मुद्दा त्याच्या विरुद्ध गेला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने उजव्या हातावर गोंदण असलेल्या एका उमेदवाराला ते काढून टाकण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत देऊन पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची संधी दिली. या तीन प्रकरणांवरून काय दिसते? कधी न्याय मिळतो, कधी मिळत नाही. पण वकिलाची फी, खेटे आणि वाया गेलेले वर्ष मात्र हरणाऱ्याच्या आणि जिंकणाऱ्याच्याही वाट्याला येते. गरीब घरातील किती मुले उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतील, याचा विचार आपणच करावा.

खाजगी नोकऱ्यांत एकच एक नियम नाही. संगणकाच्या कंपन्यांत, जाहिरात व्यवसायात, अनेक कारखान्यांत आज हातावरचे चित्र कोणी विचारात घेत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विमान कंपन्या आणि मोठी हॉटेले यांत गणवेशाबाहेर दिसणारे गोंदण बहुधा चालत नाही. आणि जेथे लेखी नियम नाही तेथे मुलाखत घेणाऱ्याची मर्जी असते. तो कारण सांगत नाही. 'कळवू' एवढेच म्हणतो. माणसाची लायकी त्याच्या कातडीवरून ठरवू नये हे मलाही मान्य आहे, आणि जग त्या दिशेने हळूहळू चाललेही आहे. परंतु आजच्या उमेदवाराला आजच्याच मुलाखतीला बसायचे असते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने याचा विचार अधिक गंभीरपणे केला पाहिजे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की लोकसंख्येत मुसलमानांचे प्रमाण १३.४ टक्के असताना भारतीय प्रशासकीय सेवेत ते ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के होते. त्याची कारणे अनेक आहेत आणि गोंदण त्यांत मुळीच नाही. पण जे दार आधीच अरुंद आहे तेथे धावण्याची, उंचीची, लेखी परीक्षेची तयारी करून पोहोचलेला आपला एखादा मुलगा हातावरच्या दोन इंच शाईसाठी परत यावा, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

आपल्या कोकणातील अनेक कुटुंबांची चूल आखाती देशांतील कमाईवर पेटते. तेथे जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. तीत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच. आय. व्ही. यांसाठी रक्त तपासले जाते आणि दोष आढळल्यास उमेदवार अपात्र ठरतो. हे तिन्ही रोग दूषित सुईतून पसरू शकतात. जत्रेत किंवा उरुसात रस्त्याच्या कडेला बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसलेला माणूस एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने किती जणांना गोंदवतो, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहू शकता. तेव्हा येथे प्रश्न केवळ चित्राचा राहत नाही. पासपोर्ट हातात असूनही घरी बसण्याची पाळी त्या सुईमुळे येऊ शकते, आणि नोकरीपेक्षा मोठी गोष्ट, म्हणजे प्रकृती, तीही धोक्यात येते.

'आवडले नाही तर लेझरने काढता येते,' असे मुले म्हणतात. काढता येते, हे खरे. पण ते पाटीवरची अक्षरे पुसण्याइतके सोपे नाही. लेझरने शाईचे कण फोडले जातात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यासाठी अनेक बैठका लागतात, आणि दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवा आणि पिवळा रंग दाद देत नाही. काढण्याचा खर्च काढून घेण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक येतो, आणि एवढे करूनही फिकट डाग राहू शकतो.

मग ज्यांच्या हातावर गोंदण आधीच आहे त्यांनी काय करावे? त्यांनी निराश होण्याचे काहीच कारण नाही. पहिली गोष्ट, ॲसिड, चुना, तापवलेली सळई असले उपाय चुकूनही करू नयेत. त्याने गोंदण जाऊन भाजल्याचा व्रण येतो आणि वैद्यकीय तपासणीत तोही अडचणीचा ठरतो. दुसरी गोष्ट, ज्या नोकरीसाठी अर्ज करावयाचा तिची जाहिरात अखेरच्या ओळीपर्यंत वाचावी. गोंदणाची माहिती किंवा छायाचित्र मागितले असेल तर ते खरेखरे द्यावे. लपविल्याने काय होते ते वर सांगितलेच. तिसरी गोष्ट, काढावयाचे असेल तर भरतीची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तेथे प्रथम चौकशी करावी.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. मुलाच्या हातावर असे काही दिसले तर त्याला चारचौघांत बेइज्जत करू नका. शरमेने लपवाछपवी करणारा मुलगा उद्या दुसरी मोठी गोष्टही लपवील. त्याला जवळ बसवून विचारा की बेटा, पुढे तुला काय व्हायचे आहे? त्या उत्तरातूनच पुढची वाट दिसेल. आणि ज्याने अजून गोंदविलेले नाही त्याच्याशी आजच बोला. 'लोक काय म्हणतील' एवढेच कारण देऊन भागणार नाही. आजची मुले नियम मागतात, कारणे मागतात, आणि ती मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हौस वाईट नाही. तुमच्या वयात ती असणारच. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पंचवीस वर्षांचा तो स्वतः कोण असेल हे माहीत नसते. तो जवान असेल, परिचारक असेल, विमानात काम करील किंवा मस्कतला जाईल. त्याच्यासाठी जेवढी दारे उघडी ठेवता येतील तेवढी ठेवणे हे आजच्या तुमचे त्याच्यावरचे उपकार होतील. मित्राने काढला, नटाने काढला, क्रिकेटपटूने काढला म्हणून आपण काढावा, हे कारण पुरेसे नाही. क्रिकेटपटूला कोणत्या भरतीच्या रांगेत उभे राहावयाचे आहे? आईचे नाव हातावर लिहिण्याची ज्याला इच्छा असेल त्याने ते नाव आपल्या पदवीच्या प्रमाणपत्रावर छापून आणावे. तेथे ते शोभून दिसते, आणि आईलाही ते वाचावेसे वाटेल.