चाकातली हवा



आज आपण चाकातल्या हवेविषयी बोलू. हवा तर फुकटची, तिचं काय बोलायचं, असं कोणी म्हणेल. पण ती कमी पडली की खिशातला पैसा जातो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आता चाकं थोडी नाहीत. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाचे ट्रक धावतात. सुरजागडचा लोखंडी दगड आलापल्लीच्या वाटेनं येतो. गावात धानाची पोती ट्रॅक्टरवर जातात.

हवा कमी असली की टायर जमिनीवर चपटतो. दर फेऱ्याला तो वाकतो नि सरळ होतो. लोखंडाची तार घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून बघा. ती गरम होते, मग तुटते. टायरचंही तसंच. त्यात मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर, आणि गाडीत ओझं! आतले धागे सुटतात, टायर भर रस्त्यात फुटतो. पुढचं चाक फुटलं तर गाडी हातात राहत नाही.

नाही फुटला, तरी कडा लवकर झिजतात. मधला भाग चांगला असतानाच टायर टाकून द्यावा लागतो. झिजलेलं रबर भुकटी होऊन पावसाबरोबर नाल्यात, नदीत जातं. टाकलेल्या टायरात पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात. शेकोटीत तर तो घालूच नये. धूर विषारी असतो.

चपटलेलं चाक जड चालतं. मग तेल जास्त लागतं. हवा बरीच उतरली असेल, तर शंभर लिटरमागे दोन-तीन लिटर डिझेल वाया जातं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कर्बवायू हवेत जातो. लिटरभर तेलाचं वजन किलोभरही नाही, मग एवढा वायू कुठून? जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, म्हणून.

हवा सकाळी, चाक थंड असताना मोजावी. गाडी चालली की टायर तापतो आणि हवेचा दाब वाढलेला दिसतो. ती हवा काढू नका. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. टायरवरचा आकडा ही बहुधा शेवटची हद्द असते. तेवढी भरायलाच हवी असं नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट जरा वेगळी. बांधीत चिखलणीला हवा थोडी कमी चालते. चाक घसरत नाही, जमीनही कमी दबते. पण तसंच डांबरी रस्त्यावर ओझं घेऊन निघू नका. आधी हवा भरा. भरून झाली की वालवर टोपण बसवा, नाहीतर चिखल आत जाऊन हवा हळूहळू गळते.