मुक्काम

जानेवारी २०१८ मध्ये नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची बोट फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीला लागली. बोटीवर वर्तिका जोशी आणि पाच जणी. न्यूझीलंड सोडून सुमारे चाळीस दिवस झालेले, वाटेत केप हॉर्नचं वादळी पाणी. कौतुक झालं ते वादळाचं. मला बोलायचंय मुक्कामाबद्दल. बेट सुंदर. मोकळं माळरान, पेंग्विन, झाडं मात्र औषधापुरतीच. तिथे त्या सुमारे दोन आठवडे राहिल्या. बोटीची डागडुजी झाली, विश्रांतीही झाली. हा मुक्काम मोहिमेच्या आखणीतच होता, कुणाकडे मागावा लागला नाही.

आता चाकण-भोसरीतल्या आपल्या पाळ्या बघा. पाळी सुटली की बस, वाटेत भाजी, घरी पाणी भरणं, पोळ्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी दिली. ती धुण्यात जाते. परवा एकीला विचारलं, नुसती बसून कधी होतीस गं? म्हणाली, “बाळंतपणात.” आम्ही हसलो, मग गप्प झालो.

पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही घेऊन या. सुट्टीच्या दिवशी धुणं कोणी धुवायचं, एवढाच विषय आहे.